बैठकीच्या शिळेखालचा समुद्र

मित्रांनो, जरा जवळ या. लांबून बघितलंत तर मी तुम्हाला गंजका लोखंडाचा तुकडा वाटेन. माझ्या चौकोनी तोंडाचे कोपरे झिजून गोल झालेत आणि दुसऱ्या बाजूची धार तर पार गेली. मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणारा नाही बरं का! मी डोंगर फोडून त्यातला समुद्र वाचणाऱ्या बाईंचा हातोडा आहे. भुजच्या कॉलेजातल्या तरुलताबेन अंतानी, म्हणजे सगळ्यांच्या तरुबेन, यांच्या हातात माझं आयुष्य गेलं. तक्रार करण्यासारखं फार काही नाही माझ्याकडे. आभार मानायचे मात्र बरेच राहिलेत, म्हणून बोलतोय.

माझा जन्म अंजारच्या लुहार गल्लीतला. त्याआधी मी मीठ वाहणाऱ्या एका ट्रकचा आस होतो. खारट वाऱ्यानं गंजलो, एका खड्ड्यात मोडलो आणि भंगारात पडलो. हारुनचाचांनी मला तिथून उचललं. चाचा सुऱ्या आणि अडकित्ते करायचे, हातोडा त्यांनी कधी केला नव्हता. एक दिवस तरुबेन त्यांच्या भट्टीपुढे येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा त्या तरुण होत्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या.

“चाचा, एक हातोडा हवाय. एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला छिन्नीसारखी धार.”

“घर बांधतेस का पोरी?”

“नाही चाचा, समुद्र शोधतेय.”

“समुद्र? अगं, तो मांडवीला आहे. सकाळची बस जाते की!”

“तो नाही. जुना. एके काळी तो इकडे होता, आपल्या डोंगरांच्या जागी.”

चाचांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि भात्यावर बसलेल्या भावाला म्हणाले, “जोरात मार रे भाता! गिऱ्हाईक वेडं आहे, हातोडा पक्का लागेल.”

मग मला भट्टीत घातलं, ऐरणीवर ठेवलं आणि घणाखाली असं बडवलं की ट्रकखालचे खड्डे बरे वाटावेत. शेवटी पाणी देऊन माझं अंग कडक केलं आणि बाभळीचा दांडा बसवला. तेव्हा मी चाचांवर फार चिडलो होतो. आता वाटतं, त्या माणसानं एकही घाव उगीच घातला नाही. अल्ला त्यांचं भलं करो.

त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही डोंगरात जायला लागलो. ओसमाणभाई सुमरांचा छकडा भाड्यानं ठरवायचा, म्हणजे पुढे मोटारसायकल आणि मागे उघडी गाडी असं ते धडधडतं वाहन. त्यात पाण्याचा कॅन, बाजरीचे रोटले, गुळाचा डबा आणि मी. ओसमाणभाईंची जीभ त्यांच्या इंजिनासारखीच अखंड चालायची. तरुबेन एखाद्या उतारावर दुपारपर्यंत भिंग लावून बसल्या, की ते खालून ओरडायचे, “बेन, तो दगड इतकी वर्षं तिथेच आहे, आणखी अर्धा तास कुठे पळून जात नाही! चहा निवतोय!”

आता आमचं काम कसं चालायचं ते सांगतो. समुद्राच्या तळाशी गाळ बसतो. त्यावर नवा गाळ, त्यावर आणखी नवा. त्याचाच पुढे दगड होतो. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, म्हणून डोंगर खालून वर वाचायचा. जिथे बारीक चिकणमाती असेल आणि नाजूक शिंपले अख्खे असतील, तिथलं पाणी खोल आणि शांत. जिथे वाळू, गोटे, फुटके शिंपले आणि खडकाला चिकटलेले कालव असतील, तिथे किनारा जवळ आणि लाटांचा दणका. असं थराथरानं वाचत गेलं की समुद्र कधी चढला आणि कधी ओसरला ते कळतं. मी एकेक तुकडा फोडायचो, कधी त्यातून मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला शंख निघायचा आणि तरुबेन लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायच्या.

त्यांचा एक नियम होता. दगडावर घाव घालण्याआधी खडूनं त्यावर बाण काढायचा, कुठली बाजू वर आहे हे दाखवणारा. बाण काढल्याशिवाय त्यांनी मला कधी उचललं नाही. एकदा एका विद्यार्थ्यानं बाण न काढताच टोपलीभर तुकडे आणले. तरुबेननी ती टोपली त्याच्यासमोर ओढ्यात रिकामी केली. “यांना आता दिशा नाही. हे मुके झाले,” एवढंच म्हणाल्या. पोरगा रडवेला झाला, पण पुन्हा विसरला नाही.

आमचा आवडता डोंगर खारीवांढ नावाच्या वस्तीमागे होता. तिथली माणसं मेंढ्या आणि उंट पाळणारी. डोंगराच्या माथ्यालगत, वस्तीच्या वरच्या अंगाला, एक मोठी सपाट शिळा होती. बाकीचे थर जसे कलले होते तशीच तीही कलली होती, वर चढून आलं की पाय लांब करून बसावं अशी गुळगुळीत. वस्तीची बैठक तिथेच भरायची. पाहुणा आला की त्याला तिथे बसवायचं, चहा तिथेच द्यायचा, लग्नं तिथेच ठरायची आणि भांडणं तिथेच मिटायची. पहिल्याच दिवशी वस्तीतले वडीलधारे जुमाबापा तरुबेनना म्हणाले होते, “बेटी, हा सगळा डोंगर तुझा. हवा तेवढा फोड. फक्त या शिळेला लोखंड लावू नकोस. इथे पाहुणे बसतात.”

तरुबेननी शब्द दिला आणि पाळला. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांच्या बैठकीवर हातोडा चालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी शिळा डोळ्यांनी वाचली. वरचा पृष्ठभाग बारीक मातीचा, नाजूक शिंपल्यांचा, म्हणजे खोल पाण्याचा. खालची कड मातीत रुतलेली, पण जेवढी दिसत होती तेवढी जरा भरड. भरड खाली आणि बारीक वर. याचा अर्थ सरळ होता, शेवटच्या काळात इथे समुद्र चढला होता. तरुबेननी तसं लिहिलं, तसं शिकवलं आणि त्याच वाचनावर त्यांचं नाव झालं.

वडोदऱ्याच्या मजमुदारसाहेबांना मात्र ते पटलं नाही. तेही थर वाचण्यातले जाणते. आजूबाजूच्या डोंगरांवरून त्यांचं म्हणणं असं की शेवटी समुद्र ओसरला, चढला नाही. दरवर्षी सभेत दोघांची जुंपायची. साहेब भर सभेत म्हणायचे, “अंतानीबेनचा समुद्र मोठा हट्टी! साऱ्या कच्छचा मागे जातो तेव्हा यांचा एकट्याचा पुढे येतो.” सगळे हसायचे. तरुबेनही हसायच्या, पण परत येताना छकड्यात माझा दांडा इतका घट्ट धरून बसायच्या की ओसमाणभाईसुद्धा गप्प राहायचे.

कच्छच्या त्या मोठ्या भूकंपात तरुबेनच्या घराची भिंत माझ्यावर पडली आणि दांडा मोडला. हारुनचाचांची भट्टीही तेव्हा गेली होती. तरी चाचांनी पत्र्याच्या शेडमध्ये बसून आधी मला नवा दांडा घातला आणि मग स्वतःचं दार बसवायला घेतलं. असे लोक मला लाभले.

पण दिवस सारखे राहत नाहीत. पुढे विद्यार्थ्यांनी तरुबेनना एक परदेशी हातोडा भेट दिला. निळी रबरी मूठ, आरशासारखं चकचकीत तोंड. मी ओसमाणभाईंकडे गेलो. छकड्याच्या सीटखाली पान्यांच्या संगतीत पडून राहायचं आणि चाक अडकलं की त्यावर दोन दणके द्यायचे. तेलाचे डाग, शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्यानं शंखाच्या पोटातला समुद्र पाहिला, त्यानं चाकावर दणके द्यायचे! तरी एक समाधान होतं, मी अजून डोंगराच्या वाटेवरच होतो.

मग तो हिवाळा आला. देशभरातले आणि परदेशातलेही थर वाचणारे लोक कच्छ पाहायला येणार होते. खारीवांढच्या डोंगरावर त्यांना तरुबेन स्वतः वाचन करून दाखवणार होत्या. लवकरच त्या निवृत्त होणार होत्या आणि मजमुदारसाहेबही येणार होते. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल तिथेच, सगळ्यांसमोर लागायचा होता. आदल्या दिवशी दुपारी तरुबेन तयारी बघायला वस्तीवर गेल्या. नवा हातोडा एका विद्यार्थिनीकडे राहिला होता. “सीटखाली आपला म्हातारा आहे ना?” त्यांनी विचारलं. ओसमाणभाईंनी मला काढून सदऱ्याला पुसलं. खरं सांगतो मित्रांनो, मला भरून आलं.

वस्तीवर पोचतो तर गडबड उडालेली. पाहुण्यांसाठी पाण्याची टाकी घेऊन आलेला ट्रॅक्टर मागे घेताना बैठकीच्या शिळेवर आदळला होता आणि तिचा एक कोपरा फुटून पडला होता. जुमाबापा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता वस्तीत त्यांची सून हूरबाई बोलायची आणि बाकीचे ऐकायचे. त्या ट्रॅक्टरवाल्याला फैलावर घेत होत्या, “डोळे आहेत की नुसती भोकं? एवढी शिळा दिसली नाही? उद्या पाहुणे काय तुझ्या डोक्यावर बसवू?”

तरुबेननी त्यांना शांत केलं. “फुटला कोपरा तर फुटला, भाभी. आता तरी मला हातात घेऊन बघू द्या.”

“बघ बाई, बघ. फुटल्यावर आता काय राखायचं!” हूरबाई चहा टाकायला गेल्या. ओसमाणभाई खाली घसरून अडकलेला ट्रॅक्टर काढायला मदत करत होते. वर फक्त तरुबेन आणि मी उरलो.

त्यांनी तुकडा उचलला, शिळेला जोडून पाहिला, सवयीनं खडूचा बाण काढला आणि मला अलगद टेकवला. एकच टिचकी. एक मिटलेला शिंपला मधोमध उघडला.

आता इथे नीट ऐका. शिंपला समुद्राच्या तळाशी पडतो तेव्हा त्याच्या पोटात गाळ शिरतो. कधी तो अर्धाच भरतो. गाळ नेहमी खाली बसतो आणि वरच्या पोकळीत मागाहून पांढरे स्फटिक भरतात. पेल्यात ताक ठेवलं तर ते तळाशीच राहणार, वर चढून बसणार नाही ना? तसंच. म्हणून गाळ जिकडे ती बाजू खालची आणि स्फटिक जिकडे ती वरची. या शिंपल्यात गाळ वर होता आणि स्फटिक खाली.

तरुबेननी तुकडा फिरवून पाहिला. दुसरा शिंपला फोडला, मग तिसरा. सगळ्यांत गाळ वर आणि स्फटिक खाली. एखादा शिंपला गडगडू शकतो, सगळे कसे गडगडतील? शिळाच पालथी होती. डोंगरातली शेवटची ओळ त्यांनी आयुष्यभर उलटी वाचली होती. समुद्र चढला नव्हता, ओसरला होता. मजमुदारसाहेब बरोबर होते.

तरुबेन तुकडा समोर ठेवून खाली बसल्या. चेहरा असा झाला होता की घरातलं कोणी गेलं असावं.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. तो फुटका कोपरा सोडला तर हे सांगणारं तिथे काहीच नव्हतं. बाकीच्या शिळेला कोणी हात लावणार नव्हतं, कारण ती पाहुण्यांची बैठक होती. या कोपऱ्याचं पीठ केलं की उद्याचा दिवस निभावला असता, निवृत्तीपर्यंतचा काळही निभावला असता. तरुबेननी मला उचललं. नेहमीसारखं नाही, खांद्याच्या वर, पूर्ण ताकदीनं.

मित्रांनो, मी भट्टीला भ्यायलो नव्हतो आणि भूकंपालाही नाही. त्या क्षणी भ्यायलो. हातोड्याला नाही म्हणता येत नाही. धरणाऱ्याचं मन जिकडे तिकडेच त्याचं तोंड. ज्या शिंपल्यांनी इतका काळ तोंड मिटून खरं सांभाळलं, त्यांना मी चिरडायचं होतं.

हात वरच थांबला. कितीतरी वेळ थांबला. मग सावकाश खाली आला आणि तरुबेननी मला मांडीवर ठेवून पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात हूरबाई चहा घेऊन आल्या. “काय गं तरु? माती गेली डोळ्यात?”

“भाभी, ही शिळा पहिल्यापासून अशीच होती का हो?”

“अशी कशी असेल? सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी उंट जुंपून उलटवली ती. त्यांच्या लग्नाच्या आधी. वरची बाजू असली खरबरीत होती म्हणे, बसणाऱ्याचे कपडे फाटायचे. पाहुण्यांना त्यावर कसं बसवायचं? मग पालथी घातली, अगदी जागच्या जागी.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीत!”

“घ्या! तू कधी विचारलंस? येतेस, बसतेस, चहा पितेस. बसायच्या पाटाला कोणी विचारतं का, बाबा रे तू कुठल्या कुशीवर निजलास म्हणून?”

तरुबेन आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. हूरबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या चहात आणखी साखर घातली.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. रिवाजाप्रमाणे मजमुदारसाहेबांना शिळेवर मानानं बसवलं आणि बशीत चहा दिला. तरुबेन पुढे झाल्या. “मी जे लिहिलं आणि शिकवलं ते चुकीचं होतं. ही शिळा पालथी आहे. समुद्र ओसरला होता. मजमुदारसाहेबांचं म्हणणं खरं आहे.” फुटका कोपरा त्यांनी सगळ्यांच्या हातांतून फिरवला.

मजमुदारसाहेबांनी तुकडा घेतला, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मी मनात म्हटलं, आता टोमणा येणार. साहेब शिळेवरून उठले. “अंतानीबेन,” ते म्हणाले, “मी शेजारच्या डोंगरांवरून अंदाज बांधत होतो. ओसरत्या समुद्राचा खरा तळ मला आजवर कुठेच दिसला नाही. सगळीकडे पाऊस-वाऱ्यानं झिजून गेलाय. या शिळेची मूळची वरची बाजू जर खाली दबलेली असेल, तर तो तळ तिथे शाबूत असेल.” आणि ते हूरबाईंपुढे हात जोडून उभे राहिले.

हूरबाईंनी वस्तीतल्या माणसांकडे पाहिलं. “सासऱ्यांनी पाहुण्यांसाठी उलटवली. आता पाहुणेच म्हणतायत सुलटी करा. करा बाबांनो, त्यांच्या मनासारखं होऊ द्या.”

पहारी आल्या, दोर आले, उंट आला. वस्तीतली माणसं, विद्यार्थी, परदेशी पाहुणे, सगळ्यांनी खांदे लावले. ओसमाणभाई गाडी ढकलावी तसे “हां! हां!” करत होते. शिळा निम्मी उचलली आणि दोर सरकला. तरुबेननी हातात होतं ते खाली सारलं, म्हणजे मला. सगळा भार माझ्या डोक्यावर आला. दांडा कडकन तडकला, पण मी हललो नाही. तेवढ्यात दुसरा दोर बसला आणि शिळा सावकाश वळली.

खालून समुद्राचा तळ वर आला. कालव एकमेकांवर जसे वाढले तसेच चिकटून बसलेले. खडक पोखरणाऱ्या जिवांची भोकं, जणू काल पाडलेली. मधल्या खळग्यांत लाटांनी घोळलेले गोटे. शिळा एवढी वर्षं पालथी राहिली म्हणून त्यावर ना पाऊस पडला होता, ना मेंढ्यांचे खूर. ज्यानं तरुबेनना चकवलं त्याच पालथेपणानं हे सगळं राखलं होतं. मजमुदारसाहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खडू तरुबेनच्या हातात दिला. “बाण तुम्ही काढा. हा तळ तुमच्यामुळे दिसला.” तरुबेननी शिळेच्या कडेवर बाण काढला. या वेळी तो बरोबर दिशेला होता.

एक पाहुणा दमून शिळेवर टेकायला गेला, तसा हूरबाईंनी त्याचा दंड धरला. “ए बाबा, खाली!” त्यांनी घरातून गोधड्या आणून जमिनीवर अंथरल्या. “आजपासून पाहुणे खाली बसतील. शिळेवर समुद्र बसलाय.”

आजही खारीवांढला तसंच चालतं. मी आता तरुबेनच्या खिडकीत असतो. तडकलेला दांडा त्यांनी बदलू दिला नाही, तार गुंडाळून ठेवलाय. दिवाळीत त्या मला तेल लावतात. हारुनचाचा, ओसमाणभाई, जुमाबापा, हूरबाई, मजमुदारसाहेब, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. सर्वांत जास्त त्या एका हाताचा, जो वर गेला आणि खाली आला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे दोनच मागण्या. डोंगरावर शंख-शिंपला दिसला तर तो उपटून खिशात घालू नका. जागेवरून उचललेला शिंपला काही सांगू शकत नाही. आणि कधी तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा हातोडा असेल, समोर तुम्हालाच खोटं ठरवणारा दगड असेल आणि आजूबाजूला कोणी पाहत नसेल, तर हात खाली घ्या. आम्हा हातोड्यांना नाही म्हणता येत नाही हो. आमच्या वतीनं तुम्हालाच म्हणावं लागतं.